गोशाळेच्या दारी गाय सोडताना

वारकरी मंडळींत गाय अर्पण करण्याची चाल फार जुनी आहे. नवस फेडायचा असो, वडिलांच्या वर्षश्राद्धास गोदान करायचे असो, किंवा वारीला आल्यावर पांडुरंगाच्या नावाने एखादी कालवड द्यायची असो, आपल्या शेतकरी भाविकाला गाय देण्यासारखे समाधान दुसऱ्या कशात वाटत नाही. पंढरपुरात मंदिर समितीची गोशाळा आहे. इतर क्षेत्रांच्या आसपास आणि तालुक्यातालुक्यांतून लहानमोठ्या गोशाळा आहेत. आणि या साऱ्यांच्या दारी वर्षभर जनावरे येत असतात. त्या येण्याविषयीच आज लिहावयाचे आहे. आमचे बोलणे काहींना कडू लागेल. पण गोशाळा भरून वाहत असताना आणखी गाई सोडा, पुण्य जोडा, एवढेच सांगत राहणे आम्हांस बरे वाटत नाही.

पूर्वीचे गोदान काय होते ते आधी ध्यानात घ्यावे. गाय दुभती असे, पाठीशी वासरू असे. ती ज्याच्या घरी जाई त्याच्याकडे गोठा असे, वैरण असे, दूध पिणारी लेकरे असत. म्हणजे गाय एका खुंट्यावरून सुटून दुसऱ्या खुंट्याला बांधली जाई, आणि तो दुसरा खुंटा तिची वाट पाहत असे. आज गोशाळेच्या दारी काय येते? आटलेली गाय येते, पाय मोडलेला बैल येतो, आणि सर्वांत जास्त येते ते आठपंधरा दिवसांचे जर्सीचे गोऱ्हे. रात्री टेम्पो येतो, फाटकापाशी दावे सोडून देतो नि निघून जातो. सकाळी गडी उठून पाहतो तो दारात दोन नवी जनावरे उभी. आता यालाही आपण गोदानच म्हणायचे का?

कीर्तनात नचिकेत्याची कथा आपण ऐकतो. कठोपनिषदातली ती गोष्ट. बाप यज्ञात गाई वाटत होता, आणि त्या होत्या थकलेल्या, दूध आटलेल्या. ते पाहून त्या पोराच्या मनाला लागले, आणि त्याने बापाला टोकले. कथेचा पुढचा भाग, यमाच्या दारचा, सर्वांना पाठ असतो. पण ज्या गाईंवरून हे सारे घडले त्या गाईंकडे आपले लक्ष जात नाही. म्हाताऱ्या गाईला आसरा मागणे यात पाप मुळीच नाही. मात्र ते मागणे आहे, देणे नव्हे. देणारा म्हणून मिरवायचे आणि ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून जायचे, हे दोन्ही एकदम जमत नाही. आम्हांस जे सांगायचे ते इतकेच आहे. बाकी सारा त्याचा हिशेब.

हिशेब म्हणजे खरोखरीचा हिशेब. साडेतीनशे-चारशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला पाच-सहा किलो सुका चारा आणि पंधरा ते वीस किलो ओला चारा लागतो. सुका म्हणजे कडबा किंवा वाळले गवत, ओला म्हणजे मका, हत्तीगवत, घास. शंभर गाई म्हटल्या की रोजचा सहाशे किलो कडबा आणि दोन टन हिरवा चारा झाला. महिन्याला नुसता कडबाच अठरा टन. पाणी वेगळे, एका जनावराला पन्नास लिटरच्या आसपास, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जागेचे मापही ठरलेले आहे. गाईला छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि मोकळ्यात सात चौरस मीटर जागा असावी असे मानक आहे. गव्हाणीत तोंड घालायला दोन-अडीच फूट लागतात.

हे शेवटचे अडीच फूट आम्ही मुद्दाम सांगतो. अडीचशे फुटांची गव्हाण असेल तर तिथे शंभर गाई खातात. त्याच ठिकाणी एकशेसाठ गाई कोंडल्या तर काय होते ते एकदा वैरणीच्या वेळी जाऊन पहा. धट्टीकट्टी, शिंगांची जनावरे पुढे घुसतात. म्हातारी, लंगडी, आजारी मागे राहतात. जिच्यासाठी गोशाळा काढली तीच उपाशी! गडी माणसे वाईट असतात असे नाही. वैरण टाकली जाते, कागदावर प्रत्येकीचा वाटाही बरोबर असतो. पण गव्हाणीपाशी वाटा कागदावरून पडत नाही, शिंगावरून पडतो. मागे राहिलेली गाय एक दिवस खाली बसते, आणि खाली बसलेल्या गाईला पुन्हा उठवणे किती अवघड, हे घरी जनावर असलेल्याला सांगायला नको. जागा नसताना फाटक उघडणारा चालक दयाळू दिसतो खरा. त्याच्या दयेची किंमत कोपऱ्यात बसलेली ती गाय देते.

दुसरी गोष्ट रोगाची. 2022 च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यात लंपी चर्मरोग दिसला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद करावे लागले. माशा, डास, गोचीड यांच्यामार्फत तो एकीकडून दुसरीकडे जातो. दाटीवाटीच्या गोठ्यात माशांना काय तोटा? लाळ्या-खुरकूताचेही तेच. नवे जनावर आले की तीन आठवडे तरी वेगळे बांधावे, हा साधा नियम. पण सारे आवारच भरले असेल तर वेगळे बांधणार कुठे? म्हणून रात्री गुपचूप सोडलेले एक आजारी वासरू शंभर जनावरांना पुरते.

आता गोशाळा भरल्या का, हे पाहू. कुणी म्हणेल, लोकांची भक्ती कमी झाली, माणसे निष्ठुर झाली. आम्हांस हे उत्तर पटत नाही. ज्याच्या घरी बैलपोळ्याला बैलाची पूजा होते तो मनुष्य दुसऱ्या महिन्यात निष्ठुर होत नाही. कारण जमिनीत आणि बाजारात आहे.

विसाव्या पशुगणनेत, म्हणजे 2019 साली, देशात गाईंची मादी जनावरे साडेचौदा कोटींच्या वर होती आणि नर पावणेपाच कोटींच्या आत. आधीच्या 2012 च्या गणनेपासून माद्या अठरा टक्क्यांनी वाढल्या आणि नर तीस टक्क्यांनी घटले. देवाच्या घरून गोऱ्हे आणि कालवड बरोबरीने येतात. पण मोजणीत तीन माद्यांमागे एकच नर उरतो. मधले गोऱ्हे वाढले नाहीत, त्यांना कुणी वाढवलेच नाही. कारण उघड आहे. नांगर ट्रॅक्टरला जुंपला गेला. संकरित गाईने दूध भरपूर दिले, पण तिच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, उन्हात तो टिकत नाही, औताला कुणी घेत नाही. खिलार बैलाची गोष्ट न्यारी. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मान्यता देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. शर्यतीच्या खोंडाला आज लाखांची बोली लागते. आणि नांगराच्या म्हाताऱ्या बैलाला दारात कोणी विचारीत नाही!

त्यात कायद्याची बाजू आली. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी होती. बैल व वळू यांना ती 2015 च्या मार्चपासून लागू झाली. त्या बंदीने अनेक भाविकांना आनंद झाला, आणि तो समजण्यासारखा आहे. पण कायद्याने सुरी थांबते, चारा उगवत नाही. पूर्वी शेतकरी म्हातारा बैल विकून त्या पैशात भर घालून नवा घेत असे. ती वाट बंद झाली, बैल मात्र दावणीलाच राहिला. बैल वीस वर्षांपर्यंत जगू शकतो. काम त्यातली दहा-बारा वर्षे. उरलेल्या वर्षांचा भार कोणी उचलायचा याचे उत्तर आपण, म्हणजे ज्यांना आनंद झाला त्या सर्वांनी, द्यायला हवे होते. ते आपण एकट्या शेतकऱ्यावर टाकले, आणि त्याने गोशाळेवर टाकले.

"बुवा, दोन एकर कोरडवाहू रान. गाय भाकड झाली. मी काय खाऊ आणि तिला काय घालू?" हा प्रश्न आमच्या मंडळींना गावोगाव ऐकू येतो. ज्याच्यापाशी याचे उत्तर नाही त्याने त्या शेतकऱ्याला पापी म्हणू नये.

सरकारनेही हात लावला आहे. राज्यात गोसेवा आयोग आहे. 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हणून घोषित केले, आणि गोशाळांतील देशी गाईमागे दिवसाला पन्नास रुपये अनुदान देण्याचा निर्णय झाला. चांगली गोष्ट आहे. पण पहा, अनुदान देशी गाईला. गोशाळेच्या दारी जे गोऱ्हे रात्री सोडले जाते ते बहुधा संकरित असते. त्याच्या वाट्याला रुपयाही नाही. म्हणून ज्याचा कुणी वाली नाही त्याचा भार शेवटी समाजावरच येतो.

आपल्याकडे पांजरपोळ ही संस्था काही आजची नव्हे. मुंबईत 1832 साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगा झाला, त्यात पारशी मंडळी पुढे होती. त्यानंतर 1834 साली भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला; सर जमशेटजी जीजीभाई यांचा त्यात मोठा हात होता. शहराच्या मध्यात, दाट वस्तीत. तेव्हापासून पांजरपोळांची अडचण एकच: दया शहरात राहते आणि चारा खेड्यात उगवतो. महात्मा गांधींनी हे ओळखले होते. 1924 च्या डिसेंबरात बेळगावला गोरक्षण परिषद भरली तिचे अध्यक्ष तेच होते. पांजरपोळ शहराबाहेर मोकळ्या जागेत असावेत, त्यांच्याजवळ चराऊ रान असावे, तिथे उत्तम गाई पैदा व्हाव्यात, आणि आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचे कातडेही वाया जाऊ नये, म्हणजे भाकड जनावरांचा खर्च निघेल, असे ते सांगत. पुढे वर्ध्याला जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे शेवटचे महिने गोसेवेला वाहिले. या मंडळींनी गोरक्षण हा शास्त्राचा आणि हिशेबाचा विषय मानला. आपण मात्र तो पावती फाडण्याचा विषय करून ठेवला आहे.

मग करायचे काय? आधी गोशाळांविषयी बोलू, कारण तेथे चूक सुधारणे सोपे आहे.

विहिरीला उपसा नसेल तर पाणी कुजते. गोशाळेलाही येण्याचे दार असते तसे जाण्याचे दार हवे. आलेल्या सर्वच जनावरांना जन्मभर तिथे राहण्याचे कारण नसते. तरुण कालवडी, गाभण राहू शकतील अशा गाई, कामाला येतील असे बैल, ही जनावरे गरजू शेतकऱ्यांना परत द्यावीत. लेखी करार करावा: विकणार नाही, सोडणार नाही, नको झाल्यास परत आणून देईन. गावच्या दोन जाणत्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि वर्षातून एकदा गोशाळेच्या माणसाने जाऊन पाहून यावे. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. त्यावरून जनावराची नोंद ठेवता येते. एक तरुण गाय बाहेर गेली की एका म्हाताऱ्या गाईला गव्हाणीत अडीच फूट मिळतात. "देवाला दिलेली गाय पुन्हा माणसाला कशी द्यायची?" असा आक्षेप येतो. त्याला आमचे उत्तर एवढेच की ती गाय कोपऱ्यात उपाशी राहावी अशी देवाची इच्छा असेल असे आम्हांस वाटत नाही.

याहून निकडीची बाब म्हणजे नर आणि मादी वेगळे ठेवणे. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिलेच पाहिजे. कित्येक गोशाळांत वळू, खोंड, गाई एकाच आवारात मोकळे असतात. नऊ महिन्यांनी वासरे होतात. बाहेरून एकही जनावर न घेता गोशाळा आपली आपणच भरत जाते! सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांकडून खोंड वेळेवर खच्ची करून घ्यावेत; चिमट्याने, रक्त न सांडता, थोड्या वेळात ते काम होते. ज्या गोशाळेला चांगल्या देशी गाई वाढवायच्या आहेत तिने निवडक वळू ठेवावा, पण तोही वेगळ्या आवारात.

आणि जागा भरली की स्पष्ट सांगावे. दारावर पाटी लावावी: इतक्या जनावरांची सोय, आज इतकी आहेत. नकार ऐकून भाविक रागावेल. रागावू द्यावे. परंतु नुसते नाही म्हणून फाटक लावून घेऊ नये. त्याचे नाव-गाव लिहून घ्यावे, जागा झाल्यावर कळवावे, तोवर घरी सांभाळण्यासाठी पेंढीभर वैरण देता आली तर द्यावी. गोशाळेत एक गाय वाढवण्यापेक्षा शेतकऱ्याच्या खुंट्यावरच ती ठेवायला मदत करणे स्वस्त पडते. तिथे गोठा आहे, पाणी आहे, तिला ओळखणारी माणसे आहेत. गाय घरची माणसे ओळखते. परक्या कळपात तिला नवा मुक्काम मानवायला दिवस लागतात.

इथे दिंडीचे काम येते. 2019 च्या दुष्काळात सरकारने चारा छावण्यांना मोठ्या जनावरामागे दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दिले होते. तोच आकडा हिशेबाला धरू, जरी आज तो अपुराच पडेल. वर्षाचे झाले साडेछत्तीस हजार. दोनशे वारकऱ्यांच्या दिंडीने एक भाकड जनावर पत्करले तर माणशी वर्षाला एकशेसाडेब्याऐंशी रुपये पडतात. रोजचे पन्नास पैसे. दिंडीच्या भिशीत एवढी रक्कम कुणाला जड नाही. गोशाळेला गाय देण्याऐवजी गोशाळेतली गाय घ्यावी; म्हणजे ती तिथेच राहील, पण तिच्या वैरणीचा भार दिंडीने वाहावा. दिंडीप्रमुखांनी जाऊन ती गाय पाहावी, तिचा बिल्ल्याचा आकडा दिंडीच्या वहीत लिहावा, आणि पुढल्या वर्षी त्या आकड्याची गाय कशी आहे ते विचारावे. विचारणारे कुणी आहे हे कळले की गोशाळेचा कारभारही सुधारतो, असा आमचा अनुभव आहे.

ज्या गावात गोशाळा नाही तिथे ती काढण्याची घाई करू नये. फलक लावून गोशाळा काढणे सोपे. तिसऱ्या वर्षाच्या चैत्रात ती चालवणे कठीण. त्यापेक्षा गावाने गावच्या जनावरांची काळजी घ्यावी. गायरान शिल्लक असेल त्याचे चार भाग करून एकेक भाग आळीपाळीने चराईला मोकळा ठेवला तर गवताला फुटायला वेळ मिळतो. बांधावर शेवरी, सुबाभूळ लावावी. ऊस असलेल्या गावांत तोडीच्या दिवसांत वाढे मुबलक असते, पण नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवले तर अंगातला चुना कमी होतो, हाडे ढिली पडतात. त्याबरोबर सुका चारा आणि खनिज मिश्रण द्यावे. मका हिरवा असताना कुट्टी करून हवाबंद दाबून ठेवला की दीड महिन्यात मुरघास होतो आणि उन्हाळा निघतो. घटसर्प, फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी गावभर एकाच दिवशी टोचून घ्याव्यात. जनावर अडले, पडले, तर 1962 या क्रमांकावर फोन केल्यास फिरता पशुवैद्यकीय दवाखाना मिळतो. हा क्रमांक देवळाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

दूध घालणाऱ्या मंडळींना एक वेगळी विनंती. रेतन करतेवेळी लिंग ठरवलेल्या रेतमात्रा आता मिळतात. त्यांनी शंभरात नव्वदच्या आसपास कालवडीच होतात. नको असलेले गोऱ्हे जन्मालाच न येणे हे जन्मल्यावर सोडून देण्यापेक्षा कितीतरी बरे. जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा रीतीने सोडून देणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हाही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता यात्रेकरूंविषयी. गोशाळेत दर्शनाला जाताना आपण काय नेतो? पोळ्या, भात, गूळ, उरलेला प्रसाद, एकादशीनंतर पारण्याचे जेवण. एखादा घास दिला तर बिघडत नाही. पण आषाढीला शंभर माणसे शंभर घास घालतात, आणि गाय तर नको म्हणत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट गवतासाठी घडलेले आहे. शिजलेला भात, कणीक, गोड पदार्थ एकदम पोटात गेले की ते आंबतात, पोटात आम्ल वाढते, पोट फुगते, आणि गाय त्यातच दगावते. आपण हात जोडून घरी येतो, तिला काय झाले ते आपल्याला कळतही नाही. न्यायचे तर चाऱ्याची पेंढी न्यावी. आणि अन्न प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उकिरड्यावर टाकू नये. भुकेली गाय पिशवीसकट खाते. पिशवी पोटात साठत जाते, आणि शेवटी चाऱ्याला जागा उरत नाही. शस्त्रक्रियेत एकेका गाईच्या पोटातून कितीतरी किलो प्लास्टिक निघते. वारीच्या वाटेवर पत्रावळी आणि पिशव्या कुठे पडतात एवढे प्रत्येक दिंडीने पाहिले तरी काही गाई गोशाळेच्या दवाखान्यापर्यंत जाणार नाहीत.

कुत्र्यांचा विषय इथे थोडक्यातच घेतो. नामदेवरायांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली ही कथा आपण ऐकत आलो, म्हणून हा विषय आपल्यास परका नाही. दिंडीच्या मागे गावचे कुत्रे चालू लागते. वाटेत लोक त्याला खाऊ घालतात. पंढरीस पोहोचल्यावर गर्दीत ते हरवते आणि तिथलेच होऊन राहते. सर्व मोकाट कुत्र्यांना निवाऱ्यात ठेवावे असा एक विचार आहे. 2025 च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी तसा हुकूमही दिला होता. पण त्याच महिन्याच्या 22 तारखेस तो बदलून, नसबंदी आणि लस करून, पिसाळलेली व चावरी वगळता, बाकीची जिथून उचलली तिथेच सोडावीत असे सांगितले. पुढे नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, स्थानके अशा ठिकाणांपुरता वेगळा हुकूम झाला. देशात 2019 च्या मोजणीत मोकाट कुत्री दीड कोटींवर होती. एवढ्यांना पुरतील असे निवारे कोण बांधणार? गावातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस गावातच करून घेणे, आणि निघताना गावचे कुत्रे वेशीवर कुणाच्या तरी हवाली करणे, हे दोन्ही आपल्या हातचे आहे.

पुन्हा गाईकडे येऊ. शेण हे गोशाळेचे धन आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते अडचण म्हणून पडून असते. एक जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते. पंचवीस किलो शेणातून एक घनमीटर गॅस निघतो. शंभर जनावरांच्या गोशाळेने गोबरगॅसवर भटारखाना चालवला आणि मळीचे खत शेतकऱ्यांना वैरणीच्या बदल्यात दिले तर पैशाविना बराच चारा येतो. खत न्या, कडबा द्या, हा व्यवहार शेतकऱ्याला लगेच समजतो.

राहिला प्रश्न कडब्याचा. रब्बी ज्वारीची काढणी माघ-फाल्गुनात होते. तेव्हा सोलापूर, मंगळवेढा, बार्शी या बाजूस कडबा उतरतो आणि शेकड्याचा भाव त्यातल्या त्यात खाली असतो. पुढे वैशाख-ज्येष्ठात तोच दुप्पट भावाने घ्यायची वेळ येते. तेव्हा दिंड्यांनी वर्गणी आषाढीला गोळा करून ठेवू नये. माघवारीला गोळा करावी आणि फाल्गुनातच कडबा घेऊन पोहोचता करावा. ज्यांच्या शेतात ज्वारी आहे त्यांनी पैशाऐवजी घरटी पंचवीस पेंढ्या बाजूला काढाव्यात. शंभर घरांच्या गावातून अडीच हजार पेंढ्या निघतात. एक अडचण मात्र सांगून ठेवतो. पुष्कळ गोशाळांत जनावरांना छप्पर आहे, वैरणीला नाही. कडबा आवारात उघड्यावर रचला जातो, वळवाच्या एका पावसात काळा पडतो आणि बुरशी धरतो; तसला चारा घातला तर जनावर आजारी पडते. म्हणून कडबा पाठवण्याआधी तिथे वैरणीची खोली आहे का ते विचारावे. नसेल तर पहिल्या वर्षी कडब्याऐवजी पत्रे आणि खांब पाठवावेत, आणि जमीन उंच करायला चार गाड्या मुरूम.